रात्री वायरमन बोलावला तर किती पैसे लागतात? खान्देशातल्या घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

अमळनेरला माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. दुकान टाकण्याआधी बावीस वर्षं पक्कड-टेस्टर घेऊन घरोघरी फिरलो, आणि अजूनही अडल्यानडल्याला जातो. दुकानात आलेला असो की रात्री साडेअकराला फोन करणारा, पहिला प्रश्न ठरलेलाच: "किती पैसा लागतीन भाऊ?" त्याचं उत्तर एका आकड्यात येत नाही म्हणून हे लिहून ठेवलंय. यातले दर सरकारी नाहीत. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात कारागीर आपसात जे घेतात-देतात, त्यावरून काढलेला हा अंदाज आहे.

सरळ सांगा, साधारण किती लागतात?

दिवसा, गावातल्या गावात, नुसतं येऊन पाहायचे दीडशे ते तीनशे. छोटं काम असेल (स्विच बदलणं, पंख्याचा कपॅसिटर, होल्डर) तर बहुतेक जण त्यातच करून टाकतात. फॉल्ट शोधावा लागला तर मजुरी वेगळी, तीनशे ते सहाशे. रात्री नऊनंतर फेरीचेच चारशे ते आठशे होतात. बारानंतर किंवा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हजार मागितले तरी मी त्याला लुटारू म्हणणार नाही. सामानाचे पैसे या सगळ्याच्या वर.

जळगाव शहरात दर थोडे चढे. चोपडा, पारोळा, शहादा अशा तालुक्याच्या गावांत थोडे उतरते. पण तिथे रात्री फोन उचलणारा माणूस सापडणं हीच खरी अडचण.

रात्री त्याच कामाचे दुप्पट का?

तुम्ही कामाचे पैसे देत नसता, वेळेचे देत असता. जळालेली एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) बदलायला दिवसा वीस मिनिटं लागतात आणि रात्रीही वीसच. पण दिवसा तो माणूस त्या गल्लीत आधीच दोन कामं उरकून आलेला असतो. रात्री तुमच्या एकट्यासाठी गाडी काढतो, तोंडात टॉर्च धरून काम करतो, आणि एखादी वस्तू कमी पडली तर ओळखीच्या दुकानदाराला झोपेतून उठवतो. तो दुकानदार बऱ्याचदा मीच असतो, म्हणून सांगतो.

म्हणून पैसे वाचवायचे तर रात्री घासाघीस करू नका. ते काम रात्रीचं आहे की सकाळचं, एवढं आधी ओळखा.

मग कोणतं काम सकाळपर्यंत थांबवता येतं?

एका खोलीची लाइट गेली, बाकी घर चालू आहे: थांबतं. पंखा फिरत नाही, गीझर तापत नाही, बेल वाजत नाही: थांबतं. मोटर चालू होत नाही पण टाकीत पाणी आहे: थांबतं. एक एमसीबी सारखी पडतेय आणि बाकीच्या टिकतात: ती खाली ठेवा आणि झोपा.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. अशा वेळी घरात तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल, तर बंद पडलेला कूलरही मी तातडीचाच धरतो. बाकी महिन्यांत नाही.

आणि कोणतं अजिबात थांबवू नये?

जळका वास. बोर्डातून चरचर आवाज. स्विच किंवा प्लग हाताला गरम लागणं. नळाला, कूलरला, फ्रिजला किंवा ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या. मीटरपाशी स्पार्किंग. आणि एक लक्षण लोक हमखास सोडून देतात: काही दिवे एकदम लख्ख आणि काही मिणमिणते.

यातलं काहीही दिसलं तर आधी मेन स्विच खाली, मग फोन. पैशाचा विचार उजाडल्यावर. आग लागलीच असेल तर 101 किंवा 112. वायरिंग पेटलेलं असताना त्यावर पाणी मारू नका. कोणी तारेला चिकटलं असेल तर मेन बंद केल्याशिवाय त्याला हात लावू नका. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने ढकला आणि 108 ला फोन करा.

दिवे लख्ख-मिणमिणते म्हणजे काय झालेलं असतं?

न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) गेलेलं असतं. घराला येणारी लाइट सिंगल फेज, साधारण 230 व्होल्टची. डीपीवरून (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरून) तीन फेज, म्हणजे तीन चालू तारा, निघतात आणि कोणत्याही दोन फेजांमध्ये 400 व्होल्ट असतात. न्यूट्रल तुटलं किंवा ढिलं पडलं की हे 400 व्होल्ट घरांमध्ये वेडेवाकडे वाटले जातात. ज्याच्याकडे लोड कमी, त्याच्या वाट्याला तीनशेच्या वर जातात, आणि ज्याच्याकडे जास्त त्याला शंभर-सव्वाशे. टीव्ही, फ्रिज, सेट-टॉप बॉक्स एका फटक्यात जातात. एमसीबी यात काही करत नाही, कारण ती व्होल्टेज पाहत नाही, करंट पाहते.

सगळ्या गल्लीत असं असेल तर दोष खांबावर किंवा डीपीवर आहे. ते काम महावितरणचं. तुमच्या घरातच थ्री फेज असेल आणि शेजारी सगळं ठीक असेल, तर तुमच्याच बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू ढिला आहे. एका लग्नघरी मी रात्री अकराला उघडलेला बोर्ड डोळ्यांसमोर आहे. न्यूट्रल लिंकचं पितळ काळंनिळं पडलेलं, तारेचं प्लॅस्टिक दोन इंच वितळून मागे सरकलेलं. मांडवाची झालर, हॅलोजन, चार कूलर, सगळा भार त्या एका स्क्रूवरून. स्क्रू आणि लग मिळून साठ रुपयांच्या आतलं सामान. वरचा टीव्ही मात्र जळून गेला होता.

वायरमनला फोन करण्याआधी मी स्वतः काय पाहू?

आधी खिडकीतून शेजारच्यांची लाइट बघा. हसू नका. रात्रीचे कित्येक फोन एवढ्यावरच मिटतात. घरात इन्व्हर्टर असला की आपल्याला कळतही नाही. बॅटरी उतरल्यावर अंधार होतो आणि माणूस समजतो आपल्याच घरात फॉल्ट आहे. मी एकदा धरणगावच्या रस्त्यापर्यंत गाडी मारून गेलो, तर अर्धं गाव अंधारात. त्यांनी फेरीचे पैसे दिले, मी निम्मे परत केले. चूक माझीही होती, फोनवरच विचारायला हवं होतं.

शेजारी लाइट आहे आणि तुमच्याकडे नाही, तर मेन बोर्ड उघडा. जळका वास किंवा काळा डाग दिसला तर तिथेच थांबा. नसेल तर सगळ्या एमसीबी खाली करा, मेन वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. जिच्यावर सगळं पुन्हा पडतं, त्या लाइनीत दोष आहे. ती खाली ठेवा, बाकीच्या वर करा. घराचा बराचसा भाग चालू होतो आणि रात्र निघते. त्या लाइनीवरचे सगळे प्लग काढून ती पुन्हा वर करून पाहा. टिकली तर दोष भिंतीत नाही, तुम्ही काढलेल्या एखाद्या वस्तूत आहे. इस्त्री, गीझर, मिक्सर, कूलरचा पंप हे नेहमीचे संशयित.

दोनदा पडली तर तिसऱ्यांदा वर करू नका. आणि जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये (तार बांधायच्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये) जाड तार घालून तर मुळीच चालवू नका. फ्यूज उडत नाही म्हणून आपण खूश होतो, आणि त्याऐवजी भिंतीतली वायर जळते.

लाइट गेली तर 1912 ला फोन करायचा की वायरमनला?

मीटर ही सीमा धरा. खांब, सर्व्हिस वायर, मीटर ही बाजू महावितरणची. मीटरच्या पुढे, तुमच्या मेन स्विचपासून, सगळं तुमचं. महावितरणचा 1912 हा नंबर चोवीस तास चालतो आणि फुकट आहे. 1800-212-3435 आणि 1800-233-3435 हेही टोल फ्री आहेत. ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा, तो बिलावर वरच असतो.

जुनी माणसं अजून "एमएसईबीचा माणूस" म्हणतात. त्या राज्य वीज मंडळाची विभागणी होऊन 2005 साली महावितरण झालं, नाव तेवढं जिभेवर राहिलं. पण एक गोंधळ त्यातूनच होतो: लाइनमनकडे लोक घरातल्या बोर्डाचंही काम काढतात. ते त्याचं काम नाही. त्याने ओळखीने केलं तर उपकार समजा. उलट खाजगी वायरमनला खांबावर चढवू नका आणि मीटरचं सील तोडायला सांगू नका. सील तुटलेलं दिसलं की वीजचोरीचा संशय तुमच्यावर येतो. खांबावर तर जीवच जातो.

टीव्ही-फ्रिज व्होल्टेजने जळाले. भरपाई मिळते का?

दोष महावितरणच्या बाजूचा असेल तर मागता येते. पण तोंडी नाही. 1912 वर तक्रार केल्याचा नंबर, त्या रात्री गल्लीत आणखी कोणाकोणाचं काय जळालं त्याची नावं, आणि दुरुस्तीवाल्याची चिठ्ठी घेऊन महावितरणच्या उपविभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर 2003 च्या वीज कायद्याने नेमलेला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. वेळ खाणारं काम आहे हे, पण चार घरांनी मिळून केलं तर जोर येतो.

कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. त्यासाठी माणूस बोलवायचा का?

हो. लगेच. आणि तोवर प्लग काढून ठेवा. खान्देशात उन्हाळ्यात मला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटत असेल तर पत्र्याच्या कूलरची. पत्र्याची बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी, आणि पाणी भरायला जाणारी अनवाणी बाई किंवा पोरगं.

यावल रोडला एका घरी दुपारी तीनला गेलो होतो. घरच्यांनी उपाय काढला होता: कूलरपाशी लाकडी पाट ठेवलेला, पाणी भरायचं तर पाटावर उभं राहायचं. टेस्टर लावला तर बॉडीवर भक्क उजेड. पंपाची वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोललेली. प्लगची तिसरी पिन पकडीने कापलेली, कारण सॉकेट दोन पिनचं. पिन असती तरी उपयोग नव्हता. घराची अर्थिंग (गळलेला करंट जमिनीत नेणारी तार) एके काळी नळाच्या लोखंडी पाइपाला बांधली होती, आणि मधल्या काळात प्लंबरने तो पाइप काढून प्लॅस्टिकचा टाकला होता. अर्थिंगची तार भिंतीत होती, पण जमिनीपर्यंत पोचत नव्हती.

त्या दिवशीचं बिल: पंप अडीचशे, तीन तारांची वायर आणि प्लग दीडशे, सॉकेट नव्वद, मजुरी तीनशे. एकूण 790. नवीन अर्थिंगचा खड्डा नंतर केला, त्याचे साडेतीन हजार झाले. मालकांना तेच जास्त टोचले, आणि खरं काम तेवढंच होतं.

घरात अर्थिंग धड असेल तर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइट तोडणारा स्विच) बसवून घ्या. एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते. दीड ते अडीच हजारांत येते, बसवायचे तीन-चारशे. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पडली तर ती जिवंत आहे.

फोनवर काय काय विचारून घ्यावं?

तीनच गोष्टी. नुसतं येण्याचे किती? त्यात किती वेळाचं काम धरलंय? सामान तुम्ही आणणार की मी? आणि स्वतःहून सांगा: किती फेज, बोर्ड कुठल्या मजल्यावर, वास येतोय का, शेजारी लाइट आहे का. एवढं ऐकून अनुभवी माणूस निम्मा दोष फोनवर ओळखतो आणि योग्य सामान घेऊन निघतो. "बस या लवकर" एवढंच सांगितलं की तो रिकाम्या हाताने येतो आणि दुसरी फेरी तुमच्या बिलात चढते.

सामानात जास्त पैसे लावतात, खरं का?

दुकानदार म्हणून खरं सांगतो. इलेक्ट्रिकच्या मालावर एमआरपी छापलेली असते आणि प्रत्यक्ष भाव त्याच्या बराच खाली असतो. वायरच्या बंडलावर तर फरक डोळ्यांत भरण्याइतका. त्यातून वायरमनला दुकानाकडून थोडं कमिशनही सुटतं. हे चालत आलेलं आहे. रात्री त्याने आपल्या पिशवीतली वस्तू एमआरपीने लावली तर मी त्याला दोष देत नाही. भर दिवसा लावली तर जरूर विचारा.

अंदाजासाठी, चांगल्या कंपनीच्या मालाचे दुकानातले भाव: सिंगल पोल एमसीबी दीडशे ते तीनशे, डबल पोल पाचशे ते आठशे, पंख्याचा कपॅसिटर चाळीस-पन्नास, गीझरची कॉइल तीनशे ते सहाशे. तांब्याचा भाव चढला की वायर चढते, तिचा भाव त्या दिवशीचाच विचारावा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. खरंच जळाला होता का, ते दिसतं.

फॉल्ट सापडलाच नाही तरी पैसे द्यायचे?

फेरीचे द्यायचे. फॉल्ट शोधणं हेच सर्वांत कठीण काम आहे, आणि पावसाळ्यात भिंत ओली असताना येणारा फॉल्ट ऊन पडलं की गायब होतो. मजुरी मात्र काम झाल्यावर.

आम्ही खेड्यावर राहतो. आमच्याकडे कोण येणार?

अंतराचे पैसे वाढतात, दुसरं काय. तालुक्यापासून दहा-पंधरा किलोमीटरवर शंभर-दोनशे पेट्रोलचे जादा. सातपुड्यात, धडगावकडे चांदसैलीचा घाट चढून रात्री कोणी येत नाही. पैशाने सुटणारी गोष्ट नाही ती. तिथे गावातलाच आयटीआय झालेला पोरगा धरून ठेवावा. रावेर-यावलच्या केळीवाल्यांकडे पंपाचं काम करणारा माणूस असतोच, तो घरचंही पाहतो. फक्त पंपाचा स्टार्टर येतो म्हणून घराचं वायरिंग येतंच असं नाही.

आणि गावात लाइट गेली की आधी विचारा: गावठाणाची गेली की शेतीची? बऱ्याच ठिकाणी दोन्हींचे फीडर (वीज आणणाऱ्या मुख्य लाइनी) आता वेगळे आहेत.

लायसन्स पाहावं का?

पंखा बदलायला नाही. मेन बोर्ड, मीटरपासूनची केबल, लोड वाढवणं, नवीन वायरिंग, यासाठी पाहा. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्रीचा परवाना असतो आणि ठेकेदाराचा वेगळा.

जीएसटी लावतात का?

वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या कारागिराला नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर तो लावूही शकत नाही. कंपनीकडून किंवा अ‍ॅपवरून माणूस आला तर सेवेवर 18 टक्के धरा. साध्या वायरमनने कागदावर "जीएसटी" लिहून पैसे वाढवले तर जीएसटी नोंदणीचा नंबर मागा.

भाड्याच्या घरात पैसे कोणाचे?

भिंतीतलं वायरिंग, मेन, अर्थिंग घरमालकाचं. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही घर दुरुस्त ठेवायची जबाबदारी मालकावर आहे. बल्ब आणि स्वतःच्या वस्तू भाडेकरूच्या. रात्री आधी भाडेकरूने द्यावे, फोटो आणि चिठ्ठी मालकाला पाठवून भाड्यातून वळते करून घ्यावे. हे घर देताना बोलून ठेवलं तर महिन्याच्या एक तारखेला तोंडं वाकडी होत नाहीत.

छतावर सोलर आहे, तरी लाइट गेल्यावर घर अंधारात का?

बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड सोलर बाहेरची लाइट गेली की आपोआप बंद होतं, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छतावरून शॉक बसेल. तो बिघाड नाही. पॅनलच्या तारांना मात्र साध्या वायरमनचा हात लागू देऊ नका. मेन बंद केला तरी उन्हात त्या चालूच असतात. सोलर बसवणाऱ्यालाच बोलवा, देखभाल बहुधा त्याच्या करारात असते.

अवाच्या सवा पैसे घेतले तर?

आधी शांतपणे हिशेब लिहून मागा: फेरी, मजुरी, सामान. लिहायला बसलं की आकडा बऱ्याचदा आपोआप उतरतो. मोठी फसवणूक असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. चारशे रुपयांसाठी तिथे जाऊ नका, दुसरा वायरमन शोधा.

कोणत्या दिवसांत माणूस मिळत नाही?

श्रावणात कानबाईच्या (खान्देशातल्या देवीच्या सणाच्या) आदल्या दोन दिवसांत, दिवाळीच्या आठवड्यात, आणि आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आगेमागे, कारण लेकी माहेरी आलेल्या, लग्नसराई भरात आणि कूलर नुकतेच माळ्यावरून काढलेले. घराला रंग देताना भिंतीतल्या बोर्डात पाणी जातं, झालरी लावताना एकाच सॉकेटवर चार पिना चढतात. होळी झाली की एकदा बोर्डाचे स्क्रू आवळून घ्या आणि कूलरची वायर तपासून घ्या. दिवसाउजेडी तीन-चारशेत होतं.

वायरमनचा नंबर कुठे ठेवू?

फोनमध्ये तर असतोच, पण लाइट गेलेल्या रात्री फोनही नेमका डिस्चार्ज असतो. मेन बोर्डाच्या झाकणावर आतल्या बाजूने मार्करने लिहा: वायरमनचा नंबर, 1912, तुमचा ग्राहक क्रमांक, आणि प्रत्येक एमसीबीखाली ती कोणत्या खोलीची ते. झाकणात एक छोटी टॉर्चही टांगून ठेवा, शेजाऱ्याच्या फोनवरून नंबर लावताना तोच उजेड कामाला येतो.